सतरा नंबरचा फॉर्म

कमलच्या हातात जेमतेम चार महिने आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दुपारी माझी ही बायको मुलुंडच्या शाळेत जाऊन बाहेरून दहावीला बसायचे दोन फॉर्म भरून आली. एक तिचा, एक माझा.

"मला एकटीला लाज वाटते ओ. तुम्ही पण बसा."

"पन्नाशीत? चाळीतले हसतील गं."

"हसू देत. मार्चपर्यंत मला काही होत नाही."

रोज आम्ही सोबत अभ्यास करायचो. नोव्हेंबरात ती गेली.

तिचं नाव काढायला शाळेत गेलो. क्लार्कने यादी दोनदा बघितली. "काका, बाईंचा फॉर्म नाहीच. त्यांनी फक्त तुमचाच भरला होता."



पाच विषय सुटले. इंग्रजी अजून राहिलंय.