साध्या काचांचं चॅपल

"व्यासपीठ मधोमध आहे, की एका बाजूला?" शांतवन मास्तरांनी दारातच विचारलं.

त्यांच्या मुलीने, प्रेमाने, मान वर केली. कुवेतला नर्स म्हणून आल्यापासून ती दर शुक्रवारी इथे उपासनेला यायची, तरी उत्तर देण्याआधी तिला बघावं लागलं.

"मधोमध, पप्पा."

"असंच हवं. देवाचं वचन मध्ये, माणसं भोवती. आपलंही असंच होतं."

मास्तरांनी नगरजवळच्या मिशनच्या शाळेत जन्मभर शिकवलं आणि रविवारी तिथल्या चॅपलमध्ये उपदेश केला. पुढे ते चॅपल पाडून त्या जागी मोठा हॉल झाला. मिशनऱ्यांनी तसंच बांधलेलं एक जुनं चॅपल कुवेतमध्ये अजून उभं आहे, हे प्रेमानेच फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी धोशा लावला, मला ते बघायचंय. उन्हाळा सरू द्या, असं ती म्हणायची. मग, मोठं घर मिळू द्या. कुवेतमध्येच, फिंतासला, मोठं घर मिळालं, तोवर काचबिंदूने मास्तरांचे दोन्ही डोळे गेले होते.

उपासनेला अवकाश होता. आत कोणी नव्हतं. मास्तरांनी भिंत चाचपली.

"बरीच जाड आहे."

"मातीची आहे. समुद्रातले दगड घालून बांधलेली."

"वर काय आहे?"

"गोल वासे. त्यांच्यावर चटई."

"चित्रं?"

"एकही नाही. साधा क्रूससुद्धा नाही."

मास्तर हसले. "खिडक्यांना रंगीत काचा नसतीलच."

"नाहीत. साध्या आहेत."

"मग सकाळचं ऊन थेट आत येत असेल."

बाकांवर उन्हाचे लांब पट्टे पडले होते. इतक्या शुक्रवारांत ते तिला कधी दिसले नव्हते.

"येतं," ती म्हणाली. "पप्पा, तुम्हाला दिसत होतं तेव्हाच आणायला हवं होतं मी."

मास्तर बाकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तसं नाही गं, असं ते म्हणाले नाहीत.

"तू कुठे बसतेस?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या बाकावर. ड्यूटीला पळावं लागतं ना."

"आज आहे ड्यूटी?"

"नाही."

"मग मला पुढे नेऊन बसव," ते म्हणाले, "आणि दारापासून पुन्हा सांग. या खेपेला सावकाश."