श्रुतिकाचे फौजदार

"पुन्हा मोगरा," अझीम वैतागून म्हणाला. "या बाईला मोगऱ्याशिवाय दुसरं काही सुचत नाही का?"

पलीकडच्या संगणकावर महिपत एक लग्नपत्रिका जुळवत होता. त्याने मान वर केली नाही. "कोन बाई?"

"कोण म्हणजे? ती श्रुतिका. पुण्याची."

महाडच्या बाजारपेठेत दोघांचं दुकान होतं. पुढे तीन केबिनांत इंटरनेट, मागे लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करण्याचं काम. महिपत टाइप करी, अझीम प्रूफ वाची. अझीम लाल पेनाने जे लिहील ते महिपत मुकाट्याने उतरवी. आठ वर्षांत त्याने एकाही दुरुस्तीवर वाद घातला नव्हता. गावाच्या लेखी ते भागीदार होते. दुकानावरच्या खोलीत दोघे राहत, आणि त्याचा खरा अर्थ फक्त त्या दोघांनाच माहीत होता.

श्रुतिका एका मराठी संकेतस्थळावर गोष्टी लिहायची. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत राणे आणि इनामदार असे दोन फौजदार होते. मालिकेत ते नुसते दोस्त. श्रुतिकाने त्यांना एकमेकांच्या प्रेमात पाडलं होतं. राणे मोगरा आणून देई, इनामदार लाजे, मग दोघे मिळून चांदणं बघत. खाली पन्नास पोरी 'किती गोड' म्हणून लिहीत. अझीमचं डोकं फिरायचं ते तिथेच.

"यांना काय, खेळायला बाहुल्या मिळाल्यात," तो म्हणाला. "दोन पुरुष दिसले की लावा जोडी आणि बसा बघत. यांच्या गोष्टीत बहीण स्थळं आणत नाही, घरमालक चौकशी करत नाही, कोणी घाबरत नाही. आपण काय यांच्या करमणुकीला जन्मलोय?"

"मग वाचतोस कशापायी?"

अझीमने पान खाली सरकवलं. तो प्रत्येक भाग वाचायचा आणि खाली 'एक वाचक' या नावाने खरमरीत अभिप्राय लिहायचा. असे दोघे तुम्ही आयुष्यात कधी पाहिलेत का? ते फुलं देत नाहीत, गोड बोलत नाहीत. एक जण दुसऱ्याच्या डब्यात भाकरी जास्तीची ठेवतो, संपलं. श्रुतिका नम्रपणे उत्तर द्यायची: बरोबर आहे, पुढच्या भागात सुधारते. आणि खरंच सुधारायची. मोगरा तेवढा सुटत नव्हता.

शिमगा दोन दिवसांवर आला. पोलादपूरजवळच्या उमरठहून महिपतच्या आईचे, चंद्रभागाबाईंचे, दोन फोन येऊन गेले. पालखीला मुंबईकर गावी येतात आणि सोयरिकी त्याच चार दिवसांत जमतात. या खेपेला नुसती मुलगी बघायची नव्हती, सुपारी फोडायची होती.

"जायला लागंल," महिपत म्हणाला.

"जा की."

"आय आता ऐकनार नाय. सुपारी फुटली की मंग मागारी नाय. तू काय म्हनतोस?"

जाऊ नकोस, एवढंच अझीमला म्हणायचं होतं. पण म्हणून पुढे काय? त्या म्हातारीला सांगायचं काय? कुठल्या हक्काने आडवं जायचं? त्याला महिपतचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

"मी काय म्हणणार? तुझं घर आहे," तो म्हणाला. "पत्रिका आपल्याकडेच छापू."

महिपत हसला नाही. आपल्या संगणकाकडे वळून तो पुन्हा टाइप करू लागला.

दुपारी श्रुतिकाचा निरोप आला. तिने आपण होऊन काही विचारायची ही पहिलीच वेळ. 'शेवटचा भाग अडलाय. इनामदारचं गावी लग्न ठरतंय. एसटी सुटण्याआधी राणे त्याला जाऊ नकोस म्हणतो, असं मी लिहिलंय. त्याने एवढं म्हटलं तर इनामदार उतरून येईल, घरच्यांचं काय ते बघून घेईल. तुम्हाला यातलं कळतं. राणे म्हणेल का?'

अझीमच्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माणसाचा जीव चाललाय आणि ह्या पुण्यात बसून शेवट गोड करताहेत. त्याने दात-ओठ खात लिहिलं: 'मुळीच म्हणणार नाही. राणे गप्प बसेल. इनामदारची पिशवी उचलून स्टँडवर सोडायला जाईल आणि परत येऊन कामाला लागेल. खऱ्या जगात हेच होतं. आमच्या जिवावर खोट्या गोष्टी लिहिणं बंद करा.'

जरा वेळाने उत्तर आलं. 'कळलं. तुम्ही म्हणता तसंच करते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी अझीमने महिपतची पिशवी उचलली आणि त्याला स्टँडवर सोडलं. पोलादपूरची गाडी लागलेली होती. महिपतला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरने घंटी वाजवली तरी तो अझीमकडेच बघत होता.

"काय?" अझीमने विचारलं.

"काय नाय. जेव येळेवर."

गाडी गेली. अझीम दुकानात परतला तर गिऱ्हाईक पत्रिकेसाठी खोळंबून उभं. पत्रिका महिपतच्या संगणकात होती. आठ वर्षांत अझीम त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. तो बसला, पत्रिका छापायला लावली, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. मग त्या पुणेकरणीने शेवट काय केला ते तरी बघू, म्हणून त्याने तिथूनच ते संकेतस्थळ उघडलं.

पान हळूहळू उतरलं. वरच्या कोपऱ्यात अक्षरं आली: 'पुन्हा स्वागत, श्रुतिका.'