अशक्त म्हणजे किती?

“उत्तर चुकलेलं नाही, मॅडम. तपासणाऱ्यांचं चुकलंय,” सुदेश म्हणाला आणि पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स त्याने टेबलावर सरकवली.

टेबलापलीकडे तीन परीक्षक होते. मधल्या खुर्चीत डॉ. मंजुळा फणसळकर. माणसांना भूल देण्यात आणि शुद्धीवर आणण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. ठाण्याच्या नौपाड्यातल्या परीक्षा मंडळाच्या त्या ऑफिसात अपिलाला आलेला उमेदवार सहसा हात जोडून बसतो, ‘बघा काही जमलं तर’ म्हणतो. सुदेश ताठ बसला होता. डोंबिवलीतले त्याचे मित्र म्हणायचे, याचं म्हणजे पडलो तरी नाक वर. त्यावर तो म्हणायचा, नाक माझं आहे, कुठे ठेवायचं ते मी बघेन.

डॉक्टर तो झालाच होता. भूलतज्ज्ञाचं प्रमाणपत्र तेवढं राहिलं होतं. परीक्षेला बसायची ही तिसरी खेप. यंदा बाकीचं सगळं सुटलं आणि एका केसपाशी घोडं अडलं. चार वर्षांचं अशक्त मूल, पोटाची शस्त्रक्रिया, भुलीच्या औषधाची मात्रा किती? सुदेशने लिहिलेल्या मात्रेला शून्य मिळालं होतं, आणि त्या शून्यानेच त्याला नापास केलं होतं.

मॅडमनी झेरॉक्स वाचली. “पुस्तकात ही मात्रा दिलेली आहे, खरंय. पण ती वरची मर्यादा आहे. धडधाकट मुलासाठी.”

“पण पुस्तकात आहे.”

“प्रश्नात मूल अशक्त म्हटलंय, डॉक्टर.”

“अशक्त म्हणजे किती? ते प्रश्नात कुठे दिलंय? प्रश्न अर्धवट काढायचा आणि नापास मात्र आम्हाला करायचं, हा कुठला न्याय?”

डावीकडच्या परीक्षकाने मान खाली घातली. त्याला मुद्दा पटल्यासारखा दिसला. सुदेशला जोर चढला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “समोर आलेलं मूलही ते सांगत नाही. आपण ओळखायचं असतं. तुमच्या मात्रेने हे मूल झोपेल. पुन्हा उठेलच, असं मी सांगू शकत नाही.”

“कागदावरचं मूल आहे, मॅडम. कागदावर कोणी मरत नाही. मी मात्र तीन वर्षं कागदावरच मरतोय.”

बोलणं जिव्हारी लागलं होतं, निदान सुदेशला तरी तसं वाटलं.

“सध्या कुठे असता?” मॅडमनी विचारलं.

“शहाडला. एका नर्सिंग होममध्ये.”

“काय करता तिथे?”

“पडेल ते.”

“चांगलं आहे. हात चालू राहतो. असं करा, सहा महिने मोठ्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या विभागात शिका. मग फक्त तोंडी घेऊ. तुम्ही हुशार आहात, वाया जाऊ नका.”

दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. सुदेश उठला. “शिकायला मी तयार आहे मॅडम, पण चूक कबूल करून नाही. तुमच्या वर कोण असेल त्यांच्याकडे जाईन. नाहीतर कोर्टात.” खुर्ची मागे सारून तो बाहेर आला.

जिन्याच्या तोंडाशी संचिता उभी होती. तिचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून. नवऱ्याचा चेहरा बघून तिने निकाल ओळखला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, चुकलो म्हणा, सहा महिने शिका, मग तोंडी घेऊ. मी नाही म्हणालो.”

“अरे, मग सहा महिन्यांनी परत बस ना. एवढं काय त्यात?”

“का बसू? बरोबर लिहिलंय मी. आज वाकलो तर जन्मभर वाकवतील हे लोक.”

ती हळूच म्हणाली, “निदान तोवर तरी…”

“तोवर काय?”

“काही नाही. गाडी हळू चालव.”

तिच्या आवाजात रडू होतं. सुदेशलाही वाईट वाटलं, पण आज मागे हटायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. बाईक काढेपर्यंत शहाडहून सिस्टर मायाचा फोन आला. “कुठे आहात? सर चिडलेत.”

“निघालो, निघालो.”

नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांचा त्याच्यावर लोभ होता. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, “कागदाचं काय, आज ना उद्या येईल. आला की फ्रेम माझ्याकडून.” एवढा विश्वास परीक्षकांनी कधी टाकला असता? दुर्गाडीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला होता. हॉर्न वाजवत, कडेकडेने वाट काढत तो मनातल्या मनात पुढच्या अर्जाची वाक्यं जुळवत होता. ‘अशक्त म्हणजे किती?’ हेच पहिलं वाक्य. त्याला बरं वाटायला लागलं. हरलेल्या माणसासारखा तो मुळीच दिसत नव्हता.

शहाडला पोचल्यावर त्याने हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर एक बाई छोट्या सँडल मांडीवर घेऊन बसली होती. सुदेश तिच्या समोरून आत गेला. दार मिटलं.

बाईने दाराशी उभ्या मायाचा हात धरला. “सिस्टर, आठ दिवस पोराच्या पोटात अन्न ठरलेलं नाही हो. नुसता हाडांचा सापळा झालाय. झेपेल ना त्याला?”

“घाबरू नका, ताई,” माया म्हणाली. “गेली दोन वर्षं इथली सगळी लहान मुलं हेच डॉक्टर झोपवतात.”