बारावी बाटली

पोलंडमधल्या लुबिनच्या तांब्याच्या खाणीतला काळा दगड प्रयोगशाळेत बारा बाटल्यांत भिजत पडला होता. फार जुन्या समुद्रातलं शेवाळ त्या दगडात धातूला चिकटून राहिलेलं असतं, आणि जिवाणू तेच कुरतडून खातात. अकरा बाटल्यांत त्यांचे बुडबुडे येत होते. बारावी तुलनेपुरती, वाफवून निर्जीव केलेली.

प्रयोग करणाऱ्या यादविगाला तिच्यातही बुडबुडे दिसले. तीन. मग खंड. मग पुन्हा तीन.

"तेओफिल, ही नीट वाफवलीत ना?"

"तीनदा," तेओफिल म्हणाला. आता प्रयोगशाळेत मदतनीस असलेला तो म्हातारा पूर्वी खाणीत बचावपथकात होता. "त्यात जीव निघाला तर मिशा भादरून देईन, बाई."

यादविगा हसली नाही. दगड सातव्या बोगद्यातला होता, जुन्या साठ्यातला. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा इग्नात्सी तिथेच अडकला. दोन दिवस तो वरपर्यंत येणाऱ्या पाइपावर ठोकत होता, असंच, तीन-तीन. तिसऱ्या दिवशी ठोकणं थांबलं. गेला, असं सगळे म्हणाले. बोगदा बुजवायच्या कागदावर तिनेच सही केली.

तिने नखाने काचेवर तीनदा टकटक केलं.

बुडबुडे थांबले.

"अगदी आमच्या खाणीतल्यासारखं," तेओफिल पुटपुटला. "उत्तर आलं की अडकलेला ठोकणं थांबवतो. श्वास वाचवून गुमान वाट बघतो. म्हणून तर पोचेपर्यंत वरून कुणी उत्तर द्यायचं नसतं, नाहीतर तो कुठे आहे, जिवंत आहे का, ते कळायचं कसं?"

यादविगाचं बोट काचेवरच राहिलं. त्या तिसऱ्या दिवशी, ठोकणं थांबायच्या जरा आधी, कुणाचं लक्ष नसताना, तिने वरून पाइपावर तीनदा हातोडी मारली होती.