खुंटीवरचा सदरा

खुंटीवरच्या सदऱ्याला कॉलरखाली खुंटीच्या आकाराचा उंचवटा आला होता. निळ्या रेघांचा सदरा. नूतन तो दर सोमवारी धुऊन, इस्त्री करून पुन्हा तिथेच अडकवायची. बाकी कापडावर एकही चुणी नव्हती.

"हा काढावा लागेल, ताई," तेजस्विनी म्हणाली. पुण्याहून आलेली ही तिशीतली मुलगी चित्रपटाची दिग्दर्शिका होती. महाळुंगे पडवळमधलं हे घर तिने एका दिवसासाठी घेतलं होतं. "आमच्या गोष्टीत नवरा वारलाय."

नूतनने सदरा काढून सासूकडे दिला. साळुबाईंनी तो मांडीवर घेतला आणि वरून हात फिरवला.

"नवरा गेला. मग पुढे?" नूतनने विचारलं.

"बाई पन्नाशीला आलीय. कधी घराबाहेर पडलेली नाही. ती पहिल्यांदा कामाला जाते. नव्याने सुरुवात करते."

"कुणाला विचारून?"

तेजस्विनी हसली. "कुणाला विचारणार? नवराच नाहीये ना."

नूतनही पन्नाशीला टेकली होती.

भिंतीवर लावायला आणलेला गोष्टीतल्या नवऱ्याचा फोटो एका नटाचा होता. साबणाच्या जाहिरातीतला वाटावा असा. तेजस्विनीने तो दोनदा लावून पाहिला, दोनदा उतरवला. मग तिची नजर शेजारच्या फोटोवर गेली. काळ्याभोर मिशा, रुंद कपाळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस.

"हे कोण?"

"आमचे मालक. गोकुळराव."

"जुना फोटो दिसतोय."

"त्यानंतर काढलाच नाही."

तेजस्विनीने पप्पूकडे पाहिलं. पप्पू वारूळवाडीचा. शूटिंगला लागेल ते जमवून द्यायचं त्याचं काम. टक्कल पडलेला, तोंडाचा गोड. तो पुढे झाला.

"ताई, रागावू नका. ह्याच फोटूला हार घातला तर? एका सीनपुरता."

"आरं मुडद्या!" साळुबाई कडाडल्या. "जित्या माणसाच्या फोटूला हार? माझा गोकुळ टमाट्याची गाडी घेऊन वाशीला गेलाय. त्यो आल्यावर काय सांगू त्याला?"

"मावशी, नारायणगावला एवढं मार्केट असताना वाशीला कशाला?"

"भाव लई मिळतो तिकडं. तुला काय कळतंय?"

"मी विचारून सांगते," नूतन म्हणाली.

ती फोन घेऊन मागच्या दारी गेली. कपडे धुवायच्या दगडापाशी उभी राहिली. दगड वाळला होता. हातातला फोन वाजला. घोडेगावहून वैजयंतीबाई बोलत होत्या. मुलींचं वसतिगृह त्या चालवायच्या. तिथलं स्वयंपाकघर सांभाळायला त्यांना बाई हवी होती. राहायला खोलीही होती.

"नूतन, आज नक्की काय ते सांग."

"ते आले की विचारते."

"मागच्या जूनलाही हेच म्हणालीस."

"हो."

"मी रागावत नाही गं. पण मुलींना रोज जेवायला लागतं. संध्याकाळपर्यंत थांबते, मग दुसरी बघते."

नूतन आत आली. "घाला हार," ती म्हणाली.

"काय म्हणाले मालक?" पप्पूने विचारलं.

"काहीच म्हणाले नाहीत."

"नशीबवान हाय तुमी. मी गप बसलो तर आमची बायकू त्याचेबी तीन अर्थ काढती."

लायटीवाली पोरं हसली. साळुबाईंनी भिंतीकडे पाठ केली.

दुपारी नूतनने ताटं वाढली. एक ताट वाढून झाकून ठेवलं. ते साळुबाईंनी आपल्याजवळ ओढून घेतलं आणि दाराकडे बघत बसल्या.

ऊन उतरल्यावर सीन सुरू झाला. फोटोला झेंडूचा ताजा हार. नायिका हातात पिशवी घेऊन समोर उभी. तिला एकच वाक्य होतं, "मी निघते." पण प्रत्येक वेळी ती रडायची आणि तेजस्विनी मान हलवायची.

"रडू येत नाही," नूतन म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

नायिका वळली. "मग काय होतं?"

"काही होत नाही. गॅस बंद केला का, ते आठवतं."

नायिका स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन शेगडीकडे बघून आली, फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी निघते." तेजस्विनीने लगेच कट म्हटलं.

सामान आवरेपर्यंत दिवे लागले. नटाचा फोटो, वायरी, पिशवी, सगळं गाडीत गेलं. पप्पू स्टूल घेऊन आला.

"मालक यायच्या आत हार काढतो. न्हायतर मलाच घालत्याल."

"काढ बाबा लवकर," साळुबाई म्हणाल्या. "त्यो येईलच आता. नूतन, सदरा लाव जागेवर."

नूतनने त्यांच्या मांडीवरून सदरा उचलला. खुंटीपाशी गेली. उंचवट्यावर अंगठा फिरवला, पण तो बसला नाही. ती खाली बसली. सदऱ्याच्या बाह्या आत घेतल्या, नीट घडी घातली आणि ती सासूसमोर ठेवली.

"आगं, घडी कशाला घातलीस?"

"मी उद्या घोडेगावला कामाला चाललेय, आत्या. तुम्हीही चला, खोली आहे."

"गोकुळला न विचारता?"

पप्पू स्टुलावर चढला होता. त्याचा हात हारापर्यंत पोचला.

"पप्पूभाऊ, हार राहू द्या," नूतन म्हणाली. "त्यांची गाडी घाटात कोसळली, त्याला अकरा वर्षं झाली."