ताडपत्रीवरचं ऊन

"साहेब, सूर्य उगवायला मंत्री लागत नाहीत, मग सोलर पॅनेलवरची ताडपत्री काढायला कशाला लागतात?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांना मी विचारूनच टाकलं. उद्घाटनाआधी निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि शाळेच्या छतावरचे पॅनेल झाकलेलेच राहिले. त्यांच्यावर चालणारा पंप बंद, म्हणून मुलींच्या बाथरूमला पाणी नव्हतं.

"नियम आहे, बाळा."

"कुठला? दाखवा ना!"

साहेबांनी मोबाइलवर आदेश शोधून वाचला. "बंदी उद्घाटनाला आहे," ते पुटपुटले, "विजेला नाही."

मधल्या सुट्टीपर्यंत नळाला पाणी आलं!

घरी दप्तर न उतरवताच मी जाहीर केलं, "आई, बाबा, मी सायन्स घेणार नाही. राज्यशास्त्र शिकणार, आणि पुढे निवडणूकही लढवणार!"