इस्तारी वैदूची मुळी

इस्तारी वैदू तोंड उघडत नव्हता.

लटारूनं बापाची मान मांडीवर घेतली होती. दुसऱ्या हातातल्या वाटीत मुळीचा गढूळ रस होता. वाटी ओठांशी गेली की म्हातारा दात घट्ट मिटायचा आणि मान फिरवायचा.

सकाळी खळ्यावर धानाच्या पेंढ्या रचता रचता तो कोसळला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ अडकली. लकवा. ज्या लकव्यावर त्याची दवा घ्यायला वडसा-कुरखेड्यापासून लोक गाडी जुंपून यायचे, तोच आज त्याच्या घरी आला होता.

"घ्या न जी, बाबा," लटारू काकुळतीनं म्हणाला. "तुमचीच दवा हाय."

म्हातारा डाव्या हातानं वाटी ढकलायला बघत होता.

शेजारचा मनसाराम दारात उभा होता. इस्तारीची बायको रुखमाबाई पंधरा दिवसांपासून वडशाला होती, लेकीच्या, कमळाच्या, बाळंतपणाला. तिला आणायला तो गाडी घेऊन निघाला होता.

"लटारू, बुढ्यालेबी टाक न गाडीत. वडशाले सरकारी डाक्टर हाय."

"डाक्टर? सारा मुलुख ज्याच्या दवाईनं उठून बसला, त्याले डाक्टरकडं नेऊ? लोक तोंडात शेन घालतीन."

"पन मुळी तुले कुठी माहीत हाय? बुढा तं कोनाले सांगत नाई."

"मले माहीत हाय," लटारू म्हणाला.

तापाला भुईनिंब, पोटाला मुरडशेंग, जखमेला येनाच्या झाडाची साल; एवढं गावात कुणालाही ठाऊक होतं, आणि इस्तारीही ते मोकळेपणानं सांगायचा. फक्त लकव्याची मुळी त्यानं कुणाला दाखवली नाही. नाव सांगितलं की हातचा गुण जातो, असा वैदूंचा नेम. तिथीचंही त्याचं मोठं खूळ होतं. कधीकधी पंधरा-पंधरा दिवस दारी आलेल्या रोग्याला तो तसाच परत पाठवायचा. "तिथी बसत नाई," म्हणायचा. लोक बिचारे हात जोडून जायचे.

लटारूनं लग्न झाल्यापासून दर वर्षी विचारलं होतं. दर वर्षी उत्तर एकच. "वेळ आली का सांगीन." एकुलता एक मुलगा, तोही पस्तिशीचा, आणि बापाचा त्याच्यावर विश्वास नाही! चार लोकांत बसला तरी ही गोष्ट त्याला टोचत राहायची. शेवटी तीन वर्षांपूर्वी तो चोरासारखा बापाच्या मागोमाग जंगलात गेला. म्हातारा पायवाटेच्या कडेलाच बसला. मोठमोठ्यानं मंत्र म्हणत त्यानं एक झुडूप खणलं आणि मुळी कमरेला खोचली. लटारूनं आडोशानं पान पाहिलं, खोड पाहिलं. त्यानंतर आणखी दोनदा गेला. दोन्ही वेळा तेच झुडूप.

आज तेच खणून, पाट्यावर वाटून आणलं होतं.

"राग आला त्याईले," लटारू मनसारामला म्हणाला. "मी चोरून पाह्यलं म्हून. मरन पत्करतीन, पन पोराच्या हातची घेनार नाई." मग तो बापाकडे वळला. "मी तुमाले मरू नाई देत, बाबा. मंग कितीबी शिव्या द्या."

त्यानं बापाचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तशी सगळी वाटी आत ओतली. म्हातारा पोराकडे टक लावून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लटारूच्याही.

मनसारामनं बैल हाकले.

दुपारपासून म्हाताऱ्याचं पोट सुटलं. लटारूनं पाच वेळा धोतर बदललं आणि पाचही वेळा स्वतः धुतलं. बघायला येणाऱ्याला तो सांगत होता, "रोग बाहीर पडून राह्यला." दिवस कलल्यावर त्यानं आणखी अर्धी वाटी दिली. या खेपेला म्हाताऱ्यानं मान फिरवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा बापानं आपल्या हातून काही मुकाट्यानं घेतलं, या विचारानं लटारूला फार बरं वाटलं.

सकाळ व्हायच्या आत इस्तारी गेला.

रुखमाबाई आली तेव्हा दुपार झाली होती. गाडी थांबायच्या आधीच ती उतरली. पदर तिनं पोटाशी गच्च धरला होता आणि हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. धानाच्या तणसावर ठेवलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं. रडली नाही. तशीच कोपऱ्यातल्या पाट्याकडे गेली, त्यावरचा चोथा चिमटीत घेतला आणि हुंगला.

"हे कोनं वाटलं?"

"मी. बाबाची मुळी हाय. तीनदा पाह्यलं मी त्याईले खनताना."

"जुलाबाची मुळी हे. मांगं येनाऱ्यानं हेच पाहावं म्हून खनत होता तो."

लटारूनं तिच्या चिमटीतला चोथा घेऊन स्वतः हुंगला.

"एवढा दुस्मन होतो मी त्याईचा?" तो ओरडला. "खरी मुळी काऊन नाई दाखवली मले? मी का परका होतो?"

रुखमाबाईनं पदर सोडला. ओल्या मातीच्या, ताज्या खणलेल्या मुळ्या जमिनीवर पडल्या.

"तो काय दाखवनार, बापा?" ती म्हणाली. "बाईच्या हातची दवा गाव घेत नाई. म्हून चाळीस वर्सं मी आनत होती अन् तो देत होता. त्याले तं हे झाड ओळखूबी येत नव्हतं."